दोघांनीच वेंगुर्ल्याला जायचे तर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. यंदा आलेल्या पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसली : मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला गेली आहेत, घरात दोघेच उरले आहेत, दारात गाडी आहे आणि समुद्र घाटाच्या पलीकडे आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : मी मागील वर्षी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो. मे महिन्यात सौभाग्यवतींसह तीन दिवस समुद्रकिनारी निवांत राहून यावे, असे मनात आहे. मुले गोव्याला जा म्हणतात. आम्हाला गर्दी नको आहे. बेळगावहून कोणता रस्ता धरावा आणि किती वाजता निघावे? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : बेळगावहून खाली उतरण्यासाठी आपल्यासमोर मुख्यतः तीन रस्ते आहेत. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने साखळीकडे जाणारा रस्ता गोव्यासाठी सर्वांत सोयीचा आहे, आणि म्हणूनच शनिवार-रविवारी त्यावर गाड्यांची रांग लागते. तिलारीचा घाट दोडामार्गाकडे लवकर पोहोचवतो, परंतु त्याचा उतार तीव्र आणि वळणे आखूड असल्यामुळे निवांतपणासाठी निघालेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिसरा रस्ता शिनोळी, पाटणे फाटा, चंदगडवरून आंबोलीला आणि तेथून सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्याला जातो. आपण हाच धरावा.

या शिफारशीमागे केवळ गर्दीचा विचार नाही. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्ले होते. घाटावरचा माल तेथे उतरत असे आणि तेथील माल, मीठ, सुकी मासळी वर येत असे. आधी रामघाटाने आणि १९व्या शतकात आंबोलीचा घाटरस्ता झाल्यावर त्याने ही ये-जा चाले. आजही बेळगावच्या जुन्या माणसांच्या तोंडी त्या रस्त्याचे नाव ‘वेंगुर्ला रोड’ असेच आहे. ज्या रस्त्याला आपल्या गावात समुद्राच्या गावाचे नाव आहे, त्या रस्त्याने शेवटपर्यंत एकदा तरी जावे.

अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. एवढ्यासाठी पहाटे चारला उठून अंधारात डबे भरण्याचे कारण नाही. उलट तसे केले तर सकाळी आठ वाजता आपण वेंगुर्ल्यात पोहोचाल आणि खोली दुपारी बारापर्यंत रिकामी होणार नाही. सहा-साडेसहाला, चहा घेऊन, उजेडात निघावे. चंदगडला काजूचे कारखाने आहेत. तेथील काजू येताना घ्यावेत, जाताना नव्हे, नाहीतर आंबोलीपर्यंत पिशवी रिकामी होते, हा स्वानुभव आहे.

आंबोलीचा धबधबा मे महिन्यात पाहायला मिळणार नाही. कातळावर ओल असलीच तर असते. मात्र गावाजवळ हिरण्यकेशीचा उगम आहे. संकेश्वरावरून वाहत जाऊन पुढे घटप्रभेला मिळणारी ही नदी आपल्या जिल्ह्याच्या परिचयाची आहे. तिला गुहेतून बाहेर पडताना, हाताच्या ओंजळीत मावेल एवढी पाहणे हा अनुभव सौभाग्यवतींनाही आवडेल. घाटातील माकडांना मात्र काहीही देऊ नये. दिलेले खाऊन ती गाडीच्या टपावर बसतात आणि न दिलेले खिडकीतून नेतात.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी अर्धा तास बसावे, चितार आळीत लाकडी खेळणी पाहावीत, आणि जेवण तेथेच उरकून घ्यावे. वेंगुर्ल्यात दुपारी पोहोचून जे करायचे ते झोपणे हेच आहे. मे महिन्यात पाच वाजण्यापूर्वी वाळूवर पाय ठेवण्यात काही शहाणपण नाही. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे दोन तास हाती आहेत आणि ते पुरेसे आहेत.

मुक्काम दोन्ही रात्री एकाच ठिकाणी करावा. पहिल्या रात्री वेंगुर्ले, दुसऱ्या रात्री मालवण आणि तिसऱ्या दिवशी तारकर्ली करून परत, असे बेत आम्हाला बहुतेक पत्रांतून दिसतात. त्यांत माणसाचा निम्मा वेळ बॅग भरण्यात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी वेंगुर्ल्याहून दक्षिणेकडे शिरोड्यापर्यंत रमतगमत जावे. वाटेत मोचेमाड येते. शिरोड्याजवळची मिठागरे या दिवसांत भरात असतात, कारण पावसापूर्वी मीठ काढून घ्यावे लागते. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात याच मिठागरांवर लोकांनी कायदेभंग केला होता. वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूचे बन आहे आणि त्याच्या सावलीत चटई टाकून पडण्याखेरीज काही करायचे नसते. हौस असेल तर पुढे रेडीला खाणीत १९७६ साली सापडलेल्या द्विभुज गणपतीचे दर्शन घ्यावे. वेंगुर्ल्यात १७व्या शतकातील डच वखारीचे अवशेष आहेत. ते पाहायला पंधरा मिनिटे लागतात.

राहण्यासाठी हॉटेलापेक्षा घरगुती न्याहारी-निवास पाहावा. सकाळी घावणे आणि नारळाचा रस मिळतो, रात्री माशाच्या आमटीत तिरफळ असते, आणि मुख्य म्हणजे उद्या भरती किती वाजता आहे, हे घरातले कोणीही सांगू शकते.

प्रश्न : आमच्या यजमानांना गाडी चालवण्याची फार हौस आहे, थांबण्याची मात्र अजिबात नाही. मागच्या वेळी देवगडला जाताना राधानगरीचे धरण, दाजीपूरचे जंगल, सगळे मी काचेतूनच पाहिले. यंदाही देवगडलाच जायचे ठरते आहे. त्यांना काय सांगावे? (निपाणी)

उत्तर : त्यांना काही सांगू नये. सांगण्याने थांबणारे यजमान आतापर्यंत थांबले असते.

त्यापेक्षा थांबे आधी ठरवावेत आणि प्रत्येक थांब्याला असे काम जोडावे की ते त्यांनाही नाकारता येणार नाही. निपाणी-देवगड रस्त्यावर मुदाळतिट्ट्याला चहा घेतलाच पाहिजे, अशी या मार्गाने जाणाऱ्यांची रीत आहे, तेव्हा पहिला थांबा आपोआप झाला. राधानगरीला राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी वाढली की माणसाच्या मदतीशिवाय उघडणारे हे दरवाजे गाडीच्या यंत्रात रस असणाऱ्या माणसाला नक्की पाहावेसे वाटतील. उन्हाळ्यात ते उघडलेले दिसणार नाहीत, पण ते कसे उघडतात हे त्यांनी आपल्याला समजावून सांगावे, अशी विनंती करावी. अर्धा तास सहज जातो.

तिसरी गोष्ट प्रकृतीची आहे आणि ती गंभीरपणे घ्यावी. सलग दोन तासांपेक्षा जास्त गाडी चालवल्यास लक्ष विचलित होऊ लागते, आणि हे चालवणाऱ्याच्या स्वतःच्या लक्षात सर्वांत शेवटी येते. दाजीपूर ओलांडल्यावर फोंडा घाट उतरायचा असतो. म्हणून घाटमाथ्यावर पंधरा मिनिटे गाडी उभी करणे हा नियमच करावा. त्या वेळात पाय मोकळे होतात, ब्रेक थंड राहतात आणि खाली उतरण्यापूर्वीची शेवटची गार हवा मिळते. हा थांबा आपल्यासाठी नव्हे तर गाडीसाठी आहे, असे म्हणावे. गाडीसाठी ते थांबतील.

प्रश्न : आमचे लग्न होऊन चार महिने झाले. पहिल्यांदाच समुद्रावर जात आहोत. तेथे बेळगावपेक्षा गार असते का? आणि पाण्यात उतरणे कितपत सुरक्षित आहे? दोघांनाही तलावात पोहता येते. (खानापूर)

उत्तर : गार अजिबात नसते. खानापूरचा उन्हाळा कोरडा आहे, घाम येतो आणि वाळतो; कोकणात पारा आपल्यापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असला तरी हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही आणि अंगाची उष्णता आतच राहते. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे येथे उपयोगी पडतात. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे येऊ लागतात आणि दुपारनंतर ते चांगले जोर धरतात. रात्री जमीन निवली की वारा उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि मधल्या काळात पान हलत नाही. म्हणून खोली घेताना खिडकी पश्चिमेला आहे की नाही हे विचारावे. वातानुकूलन आहे की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. सुती कपडे, मीठ-साखर घातलेले पाणी किंवा कोकमाचे सरबत, आणि दुपारी घरात राहणे, एवढे पाळले तर त्रास होत नाही.

आता पाण्याविषयी. तलावात पोहता येणे आणि समुद्रात उतरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलावाचे पाणी आपल्याला कोठेही नेत नाही. समुद्रात किनाऱ्यावर येऊन फुटलेल्या लाटांचे पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते आणि काही ठिकाणी ते अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. तेथे वरवर पाहता लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि गढूळसर दिसते. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, कारण त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर यावे आणि मग लाटांबरोबर परतावे. मे महिन्याच्या उत्तरार्धात पावसाळ्याआधीच समुद्र खवळू लागतो. तेव्हा गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये. बंदरावरचा किंवा रापणीवरचा माणूस ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

भरती-ओहोटीसाठी किनाऱ्यावर एक जुना आडाखा आहे आणि तो दिनदर्शिका पाहून घरबसल्या मांडता येतो. तिथीला तीनने गुणून चारने भागावे. येणारा आकडा म्हणजे भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. ही वेळ दिवसाला आणि रात्रीला सारखीच लागू पडते आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी असते. घड्याळाच्या काट्यावर हा हिशेब बसत नाही, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण सहलीचा दिवस ठरवण्यास तो पुरतो.

नवविवाहितांनी पौर्णिमेचा मुक्काम साधावा, असे आम्ही सुचवू. त्या दिवशी भरती दुपारच्या सुमारास होऊन जाते आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पाणी खूप मागे हटलेले असते. ओली, टणक, चालताना पाय न रुतणारी वाळू सर्वांत रुंद त्या वेळी मिळते. समोर सूर्य मावळतो आणि तो बुडाल्यावर थोड्याच वेळात पाठीमागे माडांवरून चंद्र वर येतो. मात्र पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यामुळे पाणी वेगाने परत भरते, तेव्हा ओहोटीत कातळावरून लांब गेलेल्यांनी अंधार पडण्यापूर्वी मागे फिरावे.

प्रश्न : आमच्याकडे आठ वर्षांची जुनी गाडी आहे. मागच्या वर्षी घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि मी घाबरले. मला स्वतःला गाडी चालवता येते, परवानाही आहे, पण घाट लागला की हे स्टीअरिंग सोडत नाहीत. गाडीची काय तयारी करावी? (संकेश्वर)

उत्तर : वास येण्याचे कारण बहुधा गाडीत नसून चालवण्यात होते. उतारावर न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये गाडी सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवला की घर्षणाने ब्रेक तापतात आणि एका मर्यादेनंतर दाबूनही लागत नाहीत. जो गिअर चढताना लागतो तोच उतरताना ठेवावा, असा चालकांचा जुना दंडक आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते. ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून पुन्हा पूर्ण सोडावा, हलकेच दाबून ठेवू नये. तरीही वास आला तर रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी, गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा आणि अर्धा तास थांबावे. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये. धातू अचानक थंड होऊन वाकतो किंवा तडकतो.

निघण्यापूर्वी ब्रेकचे तेल केव्हा बदलले आहे ते पाहावे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की कमी उष्णतेला उकळू लागते. त्यामुळे साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. टायरमधील हवा गाडी थंड असताना, चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. उन्हाळा आहे म्हणून हवा कमी ठेवण्याचा जो सल्ला पंपावर फुकट मिळतो तो घेऊ नये, कारण कमी हवेचे टायर जास्त तापतात. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

राहिला प्रश्न स्टीअरिंगचा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा वाहतुकीचा नियमच आहे. ही सवलत लक्षात घेता परतताना आंबोलीचा घाट आपण चढवावा आणि जाताना यजमानांनी उतरवावा, अशी वाटणी आम्ही सुचवतो. चढणे सोपे असते, हे त्यांना सांगण्याची गरज नाही. परतीचा प्रवास सकाळीच करावा. मे महिन्यात दुपारनंतर घाटमाथ्यावर वळवाचे ढग जमतात आणि पहिल्या सरीने धूळ-तेलाचा जो राडा रस्त्यावर होतो त्यावर गाडी पावसाळ्यातल्यापेक्षा अधिक घसरते.

एक गोष्ट न विचारता सांगतो. गाडी वाळूवर नेऊ नये. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी सावलीच्या मोहाने सुरूच्या झाडांखाली गाडी घातली. निघताना मी जोराने ॲक्सिलरेटर दाबला, त्याबरोबर पुढची चाके इतकी खाली गेली की बंपर वाळूला टेकला. खरे तर त्या वेळी ॲक्सिलरेटर सोडायचा असतो, चाकांपुढची वाळू हाताने उकरून तेथे पायाखालच्या चटया घालायच्या असतात, आणि टायरमधली थोडी हवा सोडायची असते. हे सर्व मला नंतर कळले. सौभाग्यवती शांतपणे बाजूला जाऊन शहाळे पीत उभ्या राहिल्या. रापण ओढून परतणाऱ्या सहा-सात जणांनी, ज्या लयीत ते जाळे ओढतात त्याच लयीत ‘होऽ’ म्हणत गाडी मागे खेचली. पैसे घेतले नाहीत, पण पाटीतले बांगडे आम्हाला विकले. गावी परतल्यावर गाडीच्या तळाला गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे, अन्यथा खारट वाळू पत्र्याला खात राहते.

प्रश्न : येताना देवगड हापूसची पेटी आणायची आहे. बेळगावच्या बाजारात धारवाडचा हापूसही देवगड म्हणून विकला जातो, असे ऐकतो. पारख कशी करावी, आणि गाडीत आंबे खराब होतात का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : धारवाड हापूस हा आपल्याच भागातला चांगला आंबा आहे आणि स्वतःच्या नावाने विकला गेला तर त्यात कमीपणा काही नाही. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात सिंधुदुर्ग जिल्हा येतो. तरीही मानांकनाच्या चिठ्ठीपेक्षा बागायतदाराच्या दारातून घेणे अधिक खात्रीचे. कोकणच्या हापूसची साल पातळ असते आणि सुवास न कापताही येतो. सारखा पिवळाधमक आणि तरीही वास नसलेला आंबा रसायनाने पिकवलेला असण्याची शक्यता असते. मे महिना संपत आला की देवगडचा हंगाम आटोपत आलेला असतो, तेव्हा बेत पहिल्या पंधरवड्यातच करावा.

पिकलेले आंबे आणूच नयेत. तयार परंतु कच्चे फळ घ्यावे आणि घरी गवताच्या थरांत अढी लावावी. चार-पाच दिवसांनी दोन-दोन आंबे काढत राहावे. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत पेटी ठेवली तर वरचे आंबे अक्षरशः शिजतात : बाहेरून रंग येतो आणि आतला गर आंबूस होतो. पेटी डिकीत न ठेवता मागच्या आसनाच्या खाली, सावलीच्या बाजूला ठेवावी, आणि वाटेत सावंतवाडीला जेवायला थांबणार असाल तर गाडी झाडाखाली लावून काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात. आंबोलीत मात्र त्या पूर्ण बंद कराव्यात. माकडांविषयी वर लिहिलेच आहे.